‘आढळले नाही’ हेही उत्तरच आहे



आठवीला परिसंस्था शिकवताना ‘बाहेरून आलेल्या जाती’ हा मुद्दा येतो. मी दरवर्षी जलपर्णी आणि गाजरगवत ही दोन उदाहरणं द्यायची. यंदा मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, “बाई, हे सहावीपासून ऐकतोय. दुसरं काहीतरी सांगा ना.” त्याचं काही चुकलं नव्हतं. मग मी दुसरं उदाहरण शोधायला बसले आणि झेब्रा शिंपल्यापाशी पोचले.

वाचायला घेतलं होतं ते त्याने होणारं नुकसान मुलांना सांगावं म्हणून. पण मी अडकले ती दुसऱ्याच गोष्टीत. हा शिंपला सरोवरात आला की नाही, हे माणसं कसं शोधतात, कशी नोंद ठेवतात, ते वाचत गेले आणि मला माझीच एक जुनी चूक आठवली. ती पुढे सांगणार आहे. आधी शिंपल्याविषयी.

एवढासा जीव, केवढा पसारा

झेब्रा शिंपला आपल्या अंगठ्याच्या नखाएवढा, फार तर त्याच्या दुप्पट. कवचावर झेब्र्यासारखे पट्टे, म्हणून हे नाव. मूळचा काळा समुद्र आणि कॅस्पियन समुद्राच्या परिसरातला. मालवाहू जहाजं तोल सांभाळण्यासाठी तळाच्या टाक्यांत पाणी भरून घेतात आणि दुसऱ्या बंदरात सोडून देतात. त्या पाण्यातून हा अटलांटिक ओलांडून गेला. 1988 साली कॅनडा आणि अमेरिकेच्या सीमेवरच्या सेंट क्लेअर सरोवरात विंडसर विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना तो पहिल्यांदा सापडला. 1990 पर्यंत तो तिथल्या पाचही महासरोवरांत पोचला होता. क्वागा नावाचा त्याचा भाऊबंदही पाठोपाठ आला. तो थंड आणि खोल पाण्यातही तग धरतो.

एक मादी वर्षाला दहा लाखांपर्यंत अंडी सोडते. अंड्यातून निघालेली अळी डोळ्यांना दिसत नाही. ती काही आठवडे पाण्यात तरंगते आणि मग जे कठीण मिळेल त्याला, म्हणजे दगड, होडीचा तळ, पाण्याचा पाइप, दुसऱ्या शिंपल्याची पाठ, बारीक चिवट धाग्यांनी घट्ट चिकटते. एकावर एक थर चढत जातात. 1989 च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या मनरो या गावाचा पाणीपुरवठा बंद पडला. पाणी खेचणाऱ्या पाइपच्या तोंडाशी शिंपले आणि बर्फ अडकला होता.

दुसरं नुकसान पटकन लक्षात येत नाही. एक मोठा शिंपला दिवसाला सुमारे लिटरभर पाणी गाळतो. असे कोट्यवधी शिंपले गाळायला लागले की पाणी काचेसारखं स्वच्छ होतं. मुलांना विचारलं, तर सगळ्यांनी हात वर केले, “बाई, मग चांगलंच की!” इथेच धडा सुरू होतो. पाण्यातलं हिरवट सूक्ष्म अन्न शिंपल्यांनी खाल्लं, तर त्यावर जगणाऱ्या बारीक जिवांनी काय खायचं? आणि त्यांच्यावर जगणाऱ्या माशांनी? स्वच्छ दिसणारं पाणी उपाशी असू शकतं, हे मुलांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

विनिपेग सरोवरात काय झालं

कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतातलं विनिपेग सरोवर सुमारे साडेचोवीस हजार चौरस किलोमीटरचं आहे. क्षेत्रफळाने महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा अहिल्यानगर. त्याच्या जवळजवळ दीडपट. 2013 च्या ऑक्टोबरात, हिवाळ्यासाठी पाण्याबाहेर काढलेल्या होड्यांच्या तळाला तिथे झेब्रा शिंपले सापडले.

हिवाळाभर सरोवर गोठलेलं. बर्फ वितळल्यावर 2014 च्या उन्हाळ्याच्या तोंडावर चार बंदरांची तोंडं पडदे लावून बंद केली आणि आत पोटॅश सोडलं. हे पोटॅश म्हणजे आपल्याकडे उसाला, केळीला घालतात त्याच जातीचं, पोटॅशियम क्लोराइड. बंदरांतले शिंपले मेले. पण शिंपले बंदरांबाहेरही होते, आणि अख्ख्या सरोवराला कोण पोटॅश घालणार? पुढच्या काळात ते सरोवरात पसरले आणि त्याच प्रांतातल्या इतर पाण्यांतही पोचले.

याच्या उलट गोष्ट अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातली. मिलब्रूक नावाच्या, पाण्याने भरलेल्या एका जुन्या दगडखाणीत 2002 साली झेब्रा शिंपले सापडले. खाण जेमतेम 12 एकरांची, सगळीकडून बंद. 2006 साली तिथेही पोटॅशच वापरलं आणि शिंपले संपले.

औषध एकच होतं. फरक पडला तो पाण्याच्या आकाराने आणि शिंपले किती पसरले होते त्याने. लहान, बंद पाण्यात उपाय चालतो. मोठ्या सरोवरात एकदा बस्तान बसलं की आजवर कोणाला ते उठवता आलेलं नाही. म्हणून सगळा भर येतो तो लवकर शोधण्यावर. मोठाले शिंपले हाताला लागतात तेव्हा ते येऊन बराच काळ झालेला असतो.

पाळत ठेवायची म्हणजे काय करायचं

हे वाचताना मला वाटलं होतं, काहीतरी भारी यंत्रं असतील. काही आहेतही. पण बरंचसं काम शाळेतल्या मुलांनाही समजेल असं आहे.

पहिली पद्धत अगदी साधी. प्लॅस्टिकच्या पाइपचा तुकडा किंवा पट्ट्या दोरीला बांधून धक्क्यावरून पाण्यात सोडायच्या आणि ठरावीक दिवसांनी वर काढून पाहायच्या. पाहायच्या म्हणजे हातही फिरवायचा. नुकतेच चिकटलेले शिंपले डोळ्यांना दिसत नाहीत, पण बोटांना सँडपेपरसारखं खरखरीत लागतं. धक्क्याचे मालक, होडीवाले, निवृत्त मंडळी हे काम हौसेने करतात. अमेरिकेतल्या मीड सरोवरात 2007 च्या जानेवारीत क्वागा शिंपले सापडले, त्यातही स्वयंसेवकांचा हात होता.

दुसरी पद्धत जाळीची. 64 मायक्रॉन छिद्रांची, म्हणजे साधारण केसाच्या जाडीएवढ्या छिद्रांची, कापडी जाळी पाण्यातून ओढायची. जे गोळा होईल ते सूक्ष्मदर्शकाखाली, विशिष्ट प्रकाशात पाहायचं. त्या प्रकाशात शिंपल्याची अळी चमकते आणि तिच्यावर काळी फुली उमटते. पण गंमत अशी की त्याच प्रकाशात दुसरेही काही कवचवाले बारीक जीव चमकतात. म्हणून एकाला दिसलं की ते दुसऱ्या जाणकाराला दाखवायचं आणि डीएनए तपासून पक्कं करायचं. एकाने ‘दिसलं’ म्हणून भागत नाही.

तिसरी पद्धत पाण्यातल्या डीएनएची. जीव पाण्यात राहिला की त्याच्या पेशींचे कण पाण्यात सुटतात. ते कण पाण्याच्या नमुन्यात सापडतात का, हे पाहायचं. मॅनिटोबातच, रायडिंग माउंटन राष्ट्रीय उद्यानातल्या क्लिअर सरोवरात 2022 च्या नमुन्यांत असा डीएनए मिळाला. जिवंत शिंपले हाती लागले ते 2023 च्या नोव्हेंबरात. मधल्या काळात शोधणाऱ्यांची काय अवस्था झाली असेल, विचार करा. खूण आहे, पण चोर दिसत नाही!

आणि एक बारकावा मला फार आवडला. एका सरोवरात वापरलेली जाळी दुसऱ्या सरोवरात नेण्याआधी व्हिनेगरमध्ये भिजवून ठेवतात. जाळीत अडकलेल्या अळीचं कवच विरघळून जावं म्हणून. नाहीतर पहिल्या सरोवरातली अळी दुसऱ्या सरोवराच्या नमुन्यात दिसायची आणि नसलेला शिंपला कागदावर यायचा. शोधायला निघालेल्यानेच खोटी नोंद तयार करू नये, याची ही काळजी.

शून्याची किंमत

या सगळ्या कामात बहुतेक दिवशी काय सापडतं? काहीच नाही.

ज्या सरोवरात शिंपले पोचलेले नाहीत, तिथे माणसं उन्हाळाभर जाळी ओढतात, पट्ट्या काढतात, हात फिरवतात आणि वहीत लिहितात, ‘आढळले नाही.’ पुढच्या खेपेला पुन्हा तेच. पुढच्या वर्षीही तेच. बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल, किती रिकामं काम! पण हीच शून्यं सगळ्यात कामाची असतात. पुढे कधी शिंपला सापडलाच, तर तो अमुक महिन्यापर्यंत नव्हता, हे ती शून्यं सांगतात. कुठल्या बाजूने आला, किती वेगाने पसरला, हे त्यांच्याशिवाय कळत नाही.

2016 साली मोंटाना राज्यात टायबर नावाच्या जलाशयाच्या पाण्यात शिंपल्याच्या अळ्या सापडल्या. मग पाणबुडे उतरले, वास काढणारी कुत्री आणली, काठ धुंडाळले. मोठा शिंपला एकही मिळाला नाही. आता काय म्हणायचं? आहे की नाही? तिकडच्या पश्चिमेकडील राज्यांनी यासाठी एक शिस्त ठरवली आहे. एखादं पाणी शिंपलेग्रस्त म्हणून पक्कं नोंदलं गेलं, तर ती नोंद उतरवायला सलग पाच वर्षं शोध घेऊन काही न सापडावं लागतं. पाच वर्षांची शून्यं! तीही न शोधता लिहिलेली नव्हेत, शोधून लिहिलेली.

इथे मुलांना एक फरक जरूर शिकवावा. ‘पाहिलं आणि आढळलं नाही’ हे शून्य. ‘पाहिलंच नाही’ ही रिकामी जागा. या दोन गोष्टी वहीत वेगळ्या दिसल्या पाहिजेत. रिकाम्या जागी शून्य लिहिणं खोटं, आणि शून्याच्या जागी आकडा लिहिणं त्याहून खोटं.

माझी चूक

काही वर्षांपूर्वी आठवीतल्या एका मुलीने प्रकल्पासाठी शाळेची परसबाग निवडली. पावसाळ्यात शंखी गोगलगाय येते का, हे ती दर शनिवारी सकाळी पाहायची. ही मोठी गोगलगाय मूळची आफ्रिकेतली. सोयाबीनच्या कोवळ्या रोपांचा ती कसा फडशा पाडते, हे शेतकरी पालकांना सांगायला नको. पोरगी नेमाने यायची. वाफे पाहायची, ओलं गोणपाट उचलून पाहायची, भिंतीच्या कडेने फिरायची. आठ शनिवार झाले. वहीत आठ वेळा लिहिलं होतं, ‘गोगलगाय आढळली नाही.’

मी वही तपासली आणि तिला म्हणाले, “अगं, काहीच नाही असा कुठे प्रकल्प असतो का? निष्कर्ष काय लिहिणार? दोन-तीन तरी लिही.”

ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. मग तिने खोडरबर काढलं. दुसऱ्या दिवशी वहीत 2, 3, 2, 4 असे आकडे होते, रंगीत स्तंभालेख होता आणि ‘पाऊस वाढला की गोगलगायी वाढतात’ असा छान निष्कर्षही होता. मी पैकीच्या पैकी गुण दिले. वही सुंदर होती म्हणून शाळेच्या कपाटात जपूनही ठेवली.

दोन वर्षांनी गावात खरोखरच गोगलगाय आली. शाळेला लागून असलेल्या शेतांत आधी दिसली. कृषी सहायक माहिती गोळा करत शाळेत आले. “बाई, पहिल्यांदा कधी दिसली, काही अंदाज?” मी मोठ्या उत्साहाने कपाट उघडलं आणि वही हातात घेतल्यावर लक्षात आलं, की यातले आकडे मीच लिहायला लावलेत. तोवर त्यांनी वही पाहिली होती. “अरे वा, म्हणजे दोन वर्षांपासून आहे तर!” म्हणत ते लिहायलाही लागले.

मी त्यांना थांबवलं. खरं काय ते सांगितलं. ते हसले नाहीत की रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “मग आता काय लिहू, बाई?” मला उत्तर देता आलं नाही. त्यांनी तो रकाना मोकळा सोडला.

संपूर्ण गावात त्या पावसाळ्याची नोंद एकाच व्यक्तीकडे होती. तेरा वर्षांच्या मुलीकडे. आठ शनिवार, आठ शून्यं. ती शून्यं खरी होती. ती मी पुसायला लावली.

हे फक्त माझ्याच शाळेत होतं का?

प्रामाणिकपणे सांगा. प्रयोगवहीत उत्तर पुस्तकातल्यासारखं आलं नाही तर आपण काय म्हणतो? “पुन्हा कर” म्हणतो, हे ठीक. पण वेळ नसला की “शेजारच्याचं बघून लिही” असंही म्हणतो. घरी काय होतं, तेही मला माहीत आहे, मी आईसुद्धा आहे. महिनाभराची पर्जन्यमापनाची वही आदल्या रात्री बसून भरली जाते, आणि भरताना आईच सांगते, “मंगळवारी थोडा कमी लिही, सगळे सारखे वाटायला नकोत.”

मुलं यातून विज्ञान शिकत नाहीत. ‘पाहणाऱ्याला काय हवंय ते लिहायचं’ हे शिकतात. आणि हीच मुलं उद्या पाण्याचा नमुना तपासणार, पिकाचा पंचनामा करणार, दवाखान्यात ताप मोजून तक्त्यावर लिहिणार. कोणी म्हणेल, एका गोगलगायीवरून एवढं कशाला? पण सवय लागते ती अशाच लहान वह्यांत.

काही सहकाऱ्यांचा दुसरा आक्षेप असतो. “नोंदी ठेवून शिंपले थांबले का? विनिपेग सरोवरात पसरलेच ना?” पसरले, खरं आहे. पण नोंद असल्यामुळे कुठली सरोवरं अजून मोकळी आहेत हे कळतं. तिथे जाणाऱ्या होड्या धुऊन, पाणी काढून, वाळवून मगच सोडता येतात. पाणीपुरवठ्याचे पाइप तुंबायच्या आधी तयारी करता येते. आग विझवता आली नाही तरी ती कुठवर आली आहे, हे शेजारच्या घराला कळायला हवंच ना?

आणि हे सगळं लांबचं आहे असंही नाही. मध्य अमेरिकेकडचा काळ्या पट्ट्यांचा एक परका शिंपला जहाजांबरोबर विशाखापट्टणम आणि मुंबईच्या बंदरांत केव्हाच आला आहे. तो खाऱ्या आणि मचूळ पाण्यातला. गोड्या पाण्यात बघायचं तर उजनीच्या मच्छीमारांच्या जाळ्यात परका सकर मासा येतो, हे आपण बातम्यांत वाचतो. तो पहिल्यांदा कधी आला, असं विचारलं तर उत्तर शोधायला कोणाची वही उघडायची?

वर्गात काय करता येईल

मी यंदापासून जे सुरू केलंय ते लिहिते. यात खर्च नाही.

1. एक जागा, एक वार, एक जात. परसबाग, शाळेमागचा ओढा, गावतळ्याचा काठ, काहीही चालेल. पाण्याजवळ मुलांनी एकट्याने जायचं नाही, मोठं माणूस सोबत हवंच, आणि पाण्यात उतरायचं नाही.

2. वहीत रकाने ठरलेले: तारीख, वेळ, जागा, कोणी पाहिलं, किती मिनिटं पाहिलं, काय आढळलं, किती. ‘किती मिनिटं पाहिलं’ हा रकाना विसरू नका. दोन मिनिटांचं शून्य आणि वीस मिनिटांचं शून्य सारखं नसतं.

3. तीन वेगळ्या खुणा: आढळलं तर आकडा, शोधून आढळलं नाही तर ‘0’, गेलोच नाही तर आडवी रेघ. आडव्या रेघेला ओरडा नाही.

4. काही वेगळं दिसलं तर दुसऱ्या मुलाने स्वतंत्रपणे पाहायचं, फोटो काढायचा आणि मगच पक्कं म्हणायचं. तोवर ‘खात्री नाही’ असं लिहायचं.

5. खोडरबर बंद. चुकलं तर एक रेघ मारून शेजारी लिहायचं. चूकही दिसू द्यायची.

6. आकारिक मूल्यमापनात गुण द्यायचे ते नेमाने आणि नीट पाहिल्याबद्दल. किती सापडलं यावर एकही गुण नाही.

7. वर्ष संपलं की वही रद्दीत टाकायची नाही. पुढच्या आठवीच्या हाती द्यायची. एका वर्षाच्या नोंदीतून फारसं कळत नाही, पाच वर्षांच्या नोंदीतून गावाला कळतं.

पालकांना एकच विनंती. एखाद्या शनिवारी मूल गेलं नाही, तर तो रकाना तुम्ही भरू नका. आडवी रेघ राहू द्या. आणि मूल वाफ्यात वाकून अर्धा तास काहीतरी शोधून रिकाम्या हाताने आलं, तर “काय मिळालं?” असं विचारू नका. “कुठे कुठे पाहिलंस?” असं विचारा.

परवाच्या शनिवारी यंदाच्या गटाने वही आणून दिली. पहिल्या ओळीत तारीख, वीस मिनिटं, आणि पुढे ‘0’. वही आणणारा तोच, मागच्या बाकावरचा. जरा ओशाळून म्हणाला, “बाई, काहीच नाही मिळालं.”

मी त्या शून्यापुढे सही केली.